आई खून करते

खुनाची एक कादंबरी लिहायला मला पाच-सहा महिने लागतात. छापून घ्यायला दोन. विकायला जन्म! पण त्या पुस्तकांवरून जे किस्से होतात, ते मात्र काही न करता गोळा होतात. वाडीत सकाळी उठून बघावं तर झाडाखाली चार चिकू पडलेलेच असतात, तसे.

मी आशागडची. नवऱ्याची चिकूची वाडी आहे आणि मी घर सांभाळून २०१४ सालापासून खून करतेय. कागदावर! प्रकाशक कोणी भेटला नाही, म्हणून स्वतःच छापते आणि कापडी पिशवीत भरून डहाणूपासून तलासरीपर्यंत स्वतःच विकते.

आता हे मी हसत हसत सांगते. पण सुरुवातीच्या त्या वर्षांत घरातला प्रत्येक किस्सा एकाच ठिकाणी येऊन थांबायचा, मीनलच्या लग्नावर. मीनल आमची एकुलती एक. उंबरगावच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मी नवीन काही घोळ घातला की ती कपाळाला हात लावायची. "आई, ह्या घरातली मुलगी कोण करून घेणार गं?"

तेव्हा मी म्हणायची, "होईल गं सगळं." मनातून मला पण धाकधूक होतीच.

*

पहिल्या पुस्तकात मला एका माणसाला विष घालायचं होतं. आता विषातलं मला काय कळणार? म्हणून मी बाजारात हसमुखभाईंच्या किराणा दुकानात गेले. आमचं सगळं सामान वर्षानुवर्षं तिथूनच.

"हसमुखभाई, ह्या उंदराच्या औषधाला वास येतो का?"

"उंदराला कसला वास, भाभी? खाते नि मरते."

"तसं नाही. चहात टाकलं तर?"

हसमुखभाई साखर तोलत होते, ते थांबले. "कोणाच्या चहात?"

"आहे एक जण. पन्नाशीचा, अंगाने जाड, फारसा बोलत नाही. बायको वैतागलेली आहे."

मी आपली पुस्तकातल्या माणसाचं वर्णन करत होते, देवाशपथ! हसमुखभाई म्हणाले, "औषध खलास झाला," आणि मागची अख्खी रांग त्यांनी गोणपाटाने झाकून टाकली.

मी रिक्षाने घरी पोचायच्या आत त्यांचा फोन पोचला होता. बघते तर आमचे हे स्वयंपाकघरात, गॅसपाशी. मला म्हणाले, "तू बस. आजपासून चहा मी करणार."

लग्नानंतर पहिल्यांदाच! आणि खरं काय ते कळल्यावरही ती सवय मोडली नाही. हसमुखभाईंचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

*

पुस्तक लिहून झालं, आता छापायचं कुठे? डहाणूत दामूशेठचा प्रेस. तिथे बारा महिने लग्नपत्रिका छापतात, मधूनमधून सत्यनारायणाची आमंत्रणं. कादंबरी त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलेली. नाव होतं 'विहिरीतला पाहुणा'.

"वहिनी, काही काळजी करू नका," दामूशेठ म्हणाले. "आमच्या हाताला सवय आहे."

हीच तर भानगड होती! गठ्ठे घरी आले. मी मोठ्या हौसेने पहिली प्रत उघडली. कव्हरवर काळी विहीर, विहिरीतून वर आलेला पांढराफटक हात, आणि त्या हाताच्या वर मधोमध सोनेरी गणपती! खाली '॥ श्री गणेशाय नमः ॥'. आणि मागच्या कव्हरवर, जिथे कथेची ओळख संपते, तिथे ठळक अक्षरांत, 'तरी ह्या प्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.'

मी तशीच पिशवी उचलून प्रेसवर गेले. "दामूशेठ, हा खून आहे हो! खुनाला सहकुटुंब कोण येतं?"

दामूशेठनी चष्मा वर केला, नीट वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, ती ओळ आमच्याकडे कायमची लावलेलीच असते. पण एक सांगतो, आमच्या प्रेसमधून गेलेल्या एकाही कार्याला आजवर विघ्न आलेलं नाही."

*

दुसऱ्या पुस्तकाला मी स्वतः प्रेसवर बसून कव्हर तपासलं. गणपती नाही, आमंत्रण नाही. समाधानाने घरी आले. आतलं तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुस्तक छापतात ते सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी. हे फर्मे एकावर एक रचतात आणि शिवतात. त्याच आठवड्यात दामूशेठकडे चिकूच्या बागेची निगा कशी राखावी, ह्या पुस्तिकेचं काम होतं. दोन्ही ढीग शेजारी शेजारी. शिवणाऱ्याने माझ्या कादंबरीला शेवटचा फर्मा चिकूचा लावून टाकला!

म्हणजे झालं असं. वाड्यावर सगळे जमलेत. बाहेर वीज कडाडतेय. इन्स्पेक्टर सगळ्यांवरून नजर फिरवतो आणि म्हणतो, 'खुनी ह्याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव आहे...' पान उलटलं की, 'बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. गळलेली फळे वेळच्या वेळी गोळा करून खड्ड्यात पुरावीत.'

मी हादरले. निम्म्या प्रती विकल्या गेल्या होत्या. लोकांचे फोन येणार, शिव्या खाव्या लागणार, म्हणून मी फोन घेणंच बंद केलं. मीनल म्हणाली, "बघ हं आई, आता तर आपलं हसंच होणार सगळीकडे."

एका सकाळी वाणगावचे एक शेतकरी थेट दारातच आले, हातात ते पुस्तक. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली.

"कसली माफी, वहिनी? खुनी कोण ते मला काय कळलं नाय. पण माझ्या झाडांची फळगळ थांबली! अजून पाच पुस्तकं द्या. भावकीत वाटायचीत."

*

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कौतुकाने माझं एक पुस्तक दवाखान्यात ठेवलं, पेशंटना वाचायला. मी इतकी खूश झाले की त्यांना चिकूची पेटी पाठवली.

पंधरवड्याने त्यांनीच बोलावून घेतलं. चेहरा त्रासलेला.

"वहिनी, पुस्तक घेऊन जा परत."

"का हो? आवडलं नाही का लोकांना?"

"अहो, नंबर पुकारला तरी कोणी आत येत नाही! 'पुढच्याला घ्या, माझं प्रकरण संपायचंय.' काल एक बाई पूर्ण पुस्तक वाचून उठल्या आणि म्हणाल्या, 'आता बरं वाटतंय,' आणि फी न देता घरी गेल्या!"

*

आमच्या ओळखीतले एक निवृत्त हवालदार आहेत. एकदा बुलेटवरून घरी आले. दारात त्यांची जुनी खाकी टोपी बघून शेजारीपाजारी कुंपणाला लागले. आमच्या ह्यांनी मुकाट्याने चहाचं आधण ठेवलं.

हवालदारसाहेबांची तक्रार वेगळीच होती. "वहिनी, तुमची सगळी पुस्तकं वाचली. प्रत्येकात पोलीस उशिरा येतात. सगळं आटोपल्यावर! बायकोसमोर मान खाली जाते हो."

मला वाईट वाटलं. खरंच, चांगला माणूस. पुढच्या पुस्तकात मी पोलिसांना वेळेवर पोचवलं. खुन्याने सुरा उचलला आणि दारात जीप!

हवालदारसाहेबांनी ते रात्रंदिवस सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या ह्यांनीही वाचलं, पुस्तक मिटलं आणि एवढंच म्हणाले, "ह्या वेळचं जरा जास्तच काल्पनिक झालंय."

*

आता मीनलचं सांगते. ती लग्नाची झाली तशी स्थळं यायला लागली आणि जायलाही. पहिल्या स्थळाची मंडळी बोईसरची. मुलाच्या आईने पाण्याचा पेला हातात घेतला, पण तोंडाला लावेना. मी माझा पेला संपवला, मग तिने दोन घोट घेतले. निघताना मुलाचे मामा आमच्या विहिरीत वाकून बघून आले. निरोप काही आलाच नाही.

दुसऱ्या स्थळाच्या वेळी मी अक्षरही बोलले नाही, नुसती हसत राहिले. तर म्हणे, 'मुलीची आई फार गूढ हसते.'

शेवटी जे मध्यस्थ काका स्थळं आणायचे, ते एके दिवशी ओसरीवर बसून सुस्कारा टाकून म्हणाले, "मुलगी लाखात एक आहे हो. पण मी समोरच्यांना काय सांगू? मुलगी उत्तम, पण आई खून करते?"

मीनल आतल्या खोलीत होती. तिला हसू आलं नाही, हे मला दारातूनच दिसलं. त्या दिवशी मलाही हसू आलं नाही.

*

आणि मग नीलेश आला. तलासरीचा, मीनलच्याच कंपनीत. ह्या वेळी मध्यस्थ नाही की काही नाही, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मीनलच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. फक्त त्याच्या आईचा होकार बाकी होता. विमलताई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नीलेशने आधीच सांगून ठेवलेलं, "आई नाही म्हणाली, की मग ती देवाचंही ऐकत नाही."

त्या येणार त्याच्या आदल्या दिवशी मीनल माझ्यापाशी येऊन बसली. भांडली नाही. हळूच म्हणाली, "आई, बाकीच्या स्थळांचं मला काही वाटलं नव्हतं. पण हे तुझ्या पुस्तकांमुळे गेलं ना, तर मी तुला काही बोलणार नाही, पण विसरणार पण नाही."

मी घरातली सगळी पुस्तकं पोत्यात भरून वाडीतल्या पंपाच्या खोलीत टाकली. लिहायला घेतलेली नवी कादंबरीही त्यात टाकली. ठरवून टाकलं, मुलीपेक्षा खून मोठे नाहीत. हे लग्न जमलं तर पुन्हा पेन हातात धरायचं नाही.

विमलताई आल्या. ताठ बसल्या. पोहे खाल्ले, मीनलला दोन प्रश्न विचारले, आमच्या ह्यांना चिकूचा भाव विचारला. पुस्तकांचा विषयच नाही! मला जरा धीर आला. तेवढ्यात त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मला तुमच्या एकटीशी बोलायचंय. आत."

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"तुम्ही खुनाच्या कादंबऱ्या लिहिता."

"लिहीत होते," मी म्हटलं. "आता सोडलं. तुमच्या पायाशपथ सोडलं."

"सोडलं?" त्यांच्या कपाळावर आठी चढली. "मग जमायचं नाही."

"म्हणजे?"

"मुलगी मला पसंत आहे. पण माझी एक अट आहे." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझी धाकटी जाऊ. कुमुद. एकाच अंगणात राहतो आम्ही. दर उन्हाळ्यात पहाटे उठून माझ्या वाळवणाच्या जागेवर स्वतःचे पापड घालते. शाळेत चारशे पोरं मी गप्प बसवली, पण ही बाई ऐकत नाही. पुढच्या पुस्तकात ती मेली पाहिजे."

"अहो, पण नाव कसं घालणार मी?"

"नाव नको. गालावर तीळ, आणि हसताना तोंडावर पदर धरते. एवढं लिहा, तलासरीत सगळ्यांना कळेल. आणि एकदम मारू नका. हळूहळू."

बाहेर येऊन विमलताईंनी मीनलच्या हातावर साखर ठेवली. मीनल मला बिलगून रडली, "आई, तू त्यांना काय सांगितलंस गं?" मी काय सांगणार! संध्याकाळी गुपचूप जाऊन पंपाच्या खोलीतून पोतं परत आणलं.

२०१८च्या मे महिन्यात आमच्याच वाडीत लग्न लागलं. मीनल सुखात आहे हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. माझे डोळे सारखे भरून येत होते. पंगती उठल्या, विमलताई मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांना निरोप देत होत्या, आणि मी जरा टेकले होते. इतक्यात मागून कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. वळून बघते तर गालावर तीळ!

कुमुदताईंनी माझा हात धरून मला आइस्क्रीमच्या टेबलामागे नेलं. विमलताईंचं लक्ष नाही ना, हे एकदा मान उंचावून बघितलं. मग तोंडावर पदर धरला, हसल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "विहीणबाई, एका पुस्तकात दोन खून बसतात का हो?"