डावीकडची पंगत

सतरा नोव्हेंबर, आमच्या गावच्या मंडईचा दिवस. हातातलं काम: बांधातून, म्हणजे आमच्या तलावातून, आलेल्या मासोळ्या राखेत घोळून साफ करणे.

माझ्या डोक्यात प्लॅटिनमची तार आहे आणि गळ्यात एक ग्रॅमवाली पोत. म्हणजे घरातला सगळ्यात महागडा दागिना अशा जागी आहे, की तो लग्नकार्यात मिरवता येत नाही. मागच्या साली धानाची कापणी चालू असताना माझ्या मेंदूतली एक फुगलेली रक्तवाहिनी फुटली. नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीतून नळी घातली, ती थेट डोक्यापर्यंत नेली आणि त्या फुग्यात ही बारीक तार गुंडाळून भरली. (मांडीतून डोक्यात इतका सरळ रस्ता आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. गोंदियाहून आमच्या गावाला यायला नाही.)

जीव वाचला. डोकं अधूनमधून ठणकतं, दुपारी बॅटरी संपल्यासारखी मी जिथे असेन तिथे आडवी होते, आणि डावीकडचं अर्धं जग गेलं ते गेलंच. डोळे दोन्ही शाबूत आहेत. पण समोर पाहिलं की डावी बाजू नसते. तिथे काळोख दिसतो असंही नाही. तिथे काही असेल हेच डोक्याला सुचत नाही. जेवताना ताटातला उजवीकडचा भात संपला की मी "अजून वाढा" म्हणते. मग माझी पोरगी पल्लवी काही न बोलता ताट गर्रकन फिरवते. भात परत येतो. असं ताट सगळ्यांच्या नशिबी नसतं, म्हणून मी तक्रार करत नाही.

डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला होता. "बाई, मान डावीकडे वळवायची. दर वेळी. आठवणीनं." आठवण ज्या डोक्यात ठेवायची, तेच दुरुस्त करून आणलेलं आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं.

तर मंडई. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि मधल्या वेळात सोयरिकी. त्या दिवशी पल्लवीला पाहायला पाव्हणे येणार होते. मुलगा निखिल, नागझिऱ्याच्या जंगलात गाईड. पल्लवीनं आधीच कुठेतरी त्याला पाहिलेलं होतं. (कुठे, ते मी विचारलं नाही. तिनं डावीकडे पाहिलं असेल.) "आई, हाच," एवढंच ती मला म्हणाली होती. ही पोरगी माझ्या खाटेशेजारी वर्षभर बसली. मला मोरीपर्यंत धरून नेलं, औषधं दिली, ताट फिरवलं. तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट, तेव्हा ही सोयरीक काहीही करून जुळायला हवी होती.

काहीही करण्याचं काम माझी नणंद शकुबाई हिनं हाती घेतलं. ती मुर्री गावाहून मदतीला म्हणून आली होती आणि येताक्षणी माझ्या स्वयंपाकघराची मालकीण झाली होती.

"हे पाय वयनी, तुया डोक्याचं त्यायले सांगू नको," तिनं मला दाराआड घेऊन बजावलं.

"काऊन?"

"काऊन काय? लोक मनतीन, मायचं डोस्कं बिघडलं त पोरीचंही बिघडन. लगन लागलं की मंग सांगजो."

"अन् तवर?"

"तवर तू बसजो. फक्त बसजो. वाढाले मी अन् दादा आहो."

बसायचं काम मी वर्षभर केलं होतं आणि त्यात माझा हात चांगला बसला होता. मी हो म्हटलं.

पाव्हणे आले. मुलाचे वडील, मामा, आजी, निखिल आणि बरोबरची दोनचार मंडळी. हात धुऊन सगळे समोरच्या खोलीत दोन रांगांत समोरासमोर बसले. एका रांगेत पाव्हणे, दुसऱ्या रांगेत आमची भावकीतली आणि शेजारची माणसं. आमच्या यांनी ताटं मांडली, पाणी दिलं आणि पान आणतो म्हणून कोपऱ्यावर गेले. मंडईच्या दिवशी पान आणायला गेलेला माणूस पान सोडून बाकी सगळं करून येतो. शकुबाई मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, चुलीवर सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या तळत होती; तेल तापलेलं, हलता येत नव्हतं. पल्लवीला जेवणं होईपर्यंत बाहेर यायची परवानगी नव्हती. आणि पंगत कोऱ्या ताटांसमोर बसलेली.

मी उठले आणि भाताचं टोपलं उचललं.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. माझ्या सासूबाईंची शिस्त अशी, की भरली बादली पंगतीच्या मधून न्यावी, पण रिकामी कधी मधून परत आणू नये. जेवणाऱ्याला वाटतं संपलं, आणि तो हात आखडतो. म्हणून आमच्याकडे वाढणारी बाई आतल्या दारानं शिरते, दोन्ही रांगांना वाढत समोरच्या दारानं बाहेर पडते आणि घराला वळसा घालून मागे चुलीपाशी येते. कायम एकाच दिशेनं. बैलगाडीसारखी.

पहिल्या ताटाशी मान वळवायची मला आठवण होती, शपथ घेऊन सांगते. पण उजवीकडे पहिलेच बसलेले आत्माराम भाऊजी म्हणाले, "वयनी, आज तुमच्या हातचं? बरं वाटलं बा." मलाही बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मान तिथेच राहिली.

भात वाढला. वळसा घालून आले, कढईत डोकं घातलेल्या शकुबाईच्या पाठीमागून वरण नेलं. मग मासोळीचा रस्सा, मग वांग्याची भाजी, मग लाखोळीच्या डाळीचे वडे. पाव्हणे कुठे बसलेत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. त्या बाजूला काही आहे हेच डोक्याला सुचत नाही, हे वर सांगितलंच आहे.

पंगत अगदी शांत होती. मला वाटलं, रस्सा जमला.

"लाजू नका," मी मधोमध उभी राहून मोठ्यानं म्हटलं. "आमच्या घरी कोणी उपाशी उठत नाही."

डावीकडून कोणीतरी खाकरलं. मला वाटलं, बाहेर बाजारात.

आत्माराम भाऊजी घास हातात धरून म्हणाले, "वयनी, तिकडं..."

"तिकडचं तिकडं. तुम्ही घ्या," मी म्हटलं आणि त्यांच्या ताटात अजून दोन मासोळ्या सोडल्या.

भाऊजी पुढे बोलले नाहीत. का, ते नंतर कळलं. आठ दिवसांपूर्वी नळावर मी बोलून गेले होते, की पोरगा फारच बारीक आहे, वाघानं पाहिला तरी सोडून देईल. हे गावभर झालं होतं आणि पाव्हण्यांच्या कानावरही गेलं होतं. माझं डोकं दुखतं एवढंच लोकांना माहीत होतं; डावीकडचं दिसत नाही हे घराबाहेर गेलं नव्हतं. त्यामुळे अख्ख्या उजव्या रांगेला वाटलं, की पोरीच्या आईनं नकार द्यायची ही नवीन पद्धत काढली आहे. आणि घरच्या बाईनं दिलेल्या उत्तरात शेजाऱ्यानं कशाला पडायचं? ते खाली मान घालून जेवत राहिले. डावी रांगही गप्प, कारण सोयरिकीच्या घरी जेवण मागून घ्यायचं म्हणजे नाकच कापून घेणं.

पुन्हा रस्सा घेऊन निघाले तेव्हा कोणीतरी ताडकन उभं राहिलं.

"चला गा. उत्तर भेटलं आपल्याले."

"बस ना. बस," दुसरा आवाज.

"काय बस? पोरगा बारीक हाये मनते ना ही बाई? आता आमालेही बारीक करूनच पाठवून राह्यली."

आवाज डावीकडून आला. मी मान वळवली, आणि अख्खी पंगत उगवली. मामा उभे. वडील त्यांचा सदरा ओढताहेत. निखिल पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलेला. आणि सगळ्यांपुढे ताटं, धुऊन पुसून ठेवल्यासारखी लख्ख.

मासोळीची बादली माझ्या हातात होती आणि ती गच्च भरलेली होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

शकुबाई झारा घेऊन धावत आली. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. "पाव्हणे, रागवू नका. वयनीचे डोळे आले आहेत कालपासून..."

मी शकुबाईकडे वळले, तर तिच्यामागे आतल्या दाराच्या फटीतून पल्लवी दिसत होती. सुदैवानं उजवीकडे. तिचा चेहरा मी ओळखते. नागपूरला शुद्धीवर आले तेव्हा तो तसाच होता.

"डोळे नाही आले," मी म्हटलं. "डोक्यातली नस फुटली होती मागच्या साली. तार घालून बंद केली. जगले, पण मला डावीकडचं दिसत नाही. तुम्ही तिथे बसला आहात हेच मला कळलं नाही. नकार नाही, काही नाही. पोरगा बारीक आहे म्हटलं होतं, ते खरं आहे. पण माझ्या पोरीला तो पसंत आहे, आणि तिची पारख माझ्यापेक्षा चांगली. तिला दोन्हीकडचं दिसतं."

शकुबाईनं झारा कपाळाला लावला. तो गरम होता हे तिला जरा उशिरा कळलं.

मग कोपऱ्यातून मुलाची आजी म्हणाली, "म्हंजे ताटात खरंच काही नाही?"

"नाही, आजी."

"आता सांगून राह्यली का माय? मोतीबिंदूनं मले दोहीकडचं दिसत नाही. मी केव्हाची ताट चाचपडून राह्यली. मनलं, सारे जेवून राह्यले अन् मलेच भात भेटून नाही राह्यला."

पहिल्यांदा हसला तो निखिल. मग उजवी रांग हसली, त्यांची पोटं भरलेली होती. डावी रांग सगळ्यात शेवटी.

मामा अजून उभेच होते. "पन हे दुखनं पोरीले..."

"डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं. "हवं तर मी घेऊन जाते तुम्हाला. लपवायचं काही नाही."

"तुले बीपी हाये," आजी मामांना म्हणाली, "तुया बापाले शुगर होती. ते कोनाले इचारून होते गा? खाली बस. अन् बाई, तू कोन्या बाजूनं येतेस?"

मी रीत सांगितली. जायचं मधून, यायचं बाहेरून.

"कायले बाहेरून? वाढत वाढत जाय अन् मधूनच परत ये. येताना आमी तुया उजव्या हाताले येतो."

तार घालणाऱ्या डॉक्टरांना हे सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं (तो डावीकडे असल्यामुळे मुद्दाम मान वळवून), मनातल्या मनात माफी मागितली आणि बादली घेऊन उलटी फिरले. अख्खी डावी रांग उजवी झाली. आजीला आधी वाढलं.

"मावशी," रस्सा घेताना निखिल म्हणाला, "जंगलात आम्ही पर्यटकांना हेच सांगतो. मान फिरवत राहा, वाघ नेहमी दुसऱ्या बाजूला राहते."

"तिथे तू काय करतो मग?"

"मी सांगतो ना, कोणती बाजू."

मामांनी मासोळीचं डोकं मागून घेतलं. नाकाचं काय झालं, ते त्यांनी बघितलं नाही. सगळे जेवून उठले तेव्हा आमचे हे पान घेऊन परत आले आणि म्हणाले, "झालं का नीट?"

जाताना आजी म्हणाली, "सकाळी सांगतो आमी." संध्याकाळभर पल्लवी माझ्याशी बोलली नाही. फक्त जेवताना ताट फिरवलं, रोजच्यासारखं. तेवढ्यानं मला धीर आला. ज्या नसेत तार आहे ती नस फुटूनही मी इथे बसून फिरतं ताट जेवते आहे, तर सोयरीकही जुळेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि बसल्याजागी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनची वाट पाहत बसवेना, म्हणून झाडू घेतला आणि अंगण झाडायला लागले. दारापासून फाटकापर्यंत एक काडी ठेवली नाही. फाटकाशी पोचले तेव्हा हे मोबाईल हातात घेऊन बाहेर आले.

"हो मनले ते. अन् आजीचा निरोप आहे, साखरपुड्याले वाढाले तूच पायजे."

मी पदरानं तोंड पुसलं. घाम होता. "पाहिलंत, अंगण कसं लख्ख झालं?"

हे अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परत येजो ना मधून."

मी घराकडे तोंड केलं. उजव्या हाताला कडुनिंबाच्या पानांनी भरलेलं, कोंबड्यांनी उकरलेलं आणखी एक अख्खं अंगण होतं. मी पुन्हा झाडू लावला. आमची जागा एवढी मोठी आहे, हे मला माहीतच नव्हतं.