बुटांचं खोकं आणि मागची लिफ्ट

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात, दुपारच्या जेवणाच्या टेबलावर माझी अकरा वर्षांची जी निर्वेध सत्ता होती, ती बुटांच्या एका खोक्याने उलथवली.

खोक्याचे मालक म्हणजे सेफ्टी शिकवायला आलेले सत्तरीचे एक काळे अमेरिकन गृहस्थ. रोज एक वाजता ते झाकण दोन बोटांनी उचलत, आत डोकावत आणि म्हणत, "बघू या, आज आईनं काय बांधलंय." आई जाऊन तीस वर्षं झाली होती. खोकं ते स्वतःच भरत. तरी रोज त्यांना नव्याने आश्चर्य वाटे, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे सरकत. माझा किस्सा ऐन रंगात आलेला असला तरी.

भरल्या टेबलावर तुम्ही कधी एकटे पडला आहात? मी जळत होतो. त्यांच्या पगारावर, पासपोर्टवर, त्या खर्जातल्या आवाजावर.

एकदा आम्ही दोघे कामासाठी दूर रुवैसच्या रिफायनरीकडे गाडीने निघालो. वाटेत पेट्रोल पंपाजवळच्या हॉटेलासमोर मी गाडी थांबवली. म्हातारबुवांनी मांडीवरचं खोकं उघडलं.

"एवढा पगार घेता आणि उकडलेली अंडी बांधून आणता?" मी म्हणालो. "आमच्याकडे याला चिकटपणा म्हणतात."

"हबीबी, आधी अंडं खा."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी वडील त्यांना गाडीने अमेरिकेच्या दक्षिणेत आजीकडे नेत. दोन दिवसांची वाट. वाटेतल्या हॉटेलांत काळ्यांना बसू देत नसत, संडासही वापरू देत नसत. म्हणून आई बुटांच्या खोक्यात कोंबडी, अंडी, केक भरून घ्यायची.

"मला वाटायचं, आमची सहल आहे. हॉटेलात बसून जेवावं लागणाऱ्या गोऱ्या मुलांची मला कीव यायची."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या दुःखाचाही हेवा वाटला. असा किस्सा माझ्यापाशी असता, तर कोणाची बिशाद होती खुर्ची हलवायची!

त्या भरात मी न्यू जर्सीचा चुलतभाऊ बाहेर काढला. "तो अमेरिकेत गेला तो हुशारीवर. पुढच्या दारानं." काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नये, असं तो म्हणतो, ते मात्र अंड्याबरोबर गिळलं.

म्हातारबुवा मीठ भुरभुरत म्हणाले, "आमचे लोक हक्कांसाठी रस्त्यावर उतरले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. त्याच सुमाराला आशियातल्या लोकांना बाहेर ठेवणारे कायदेही बदलले. भावाला विचार, ते दार कोण ढकलत होतं."

हे वाक्य मी पुढे दोन पार्ट्यांत स्वतःचं म्हणून वापरलं.

गेल्या वर्षी ते कायमचे परत गेले. जाताना खोकं माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी त्यातून थालीपीठ नेतो, झाकण दोन बोटांनी उचलतो, आत डोकावतो. एकही खुर्ची सरकत नाही.

सरकेल अशी एक गोष्ट आता माझ्यापाशी आहे. ती मी त्या टेबलावर अजून सांगितलेली नाही, तुम्हालाच सांगतो.

जाण्याआधी त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खोक्यात केक घेऊन ते आले. खाली वॉचमनने काळा माणूस पाहिला, हातातलं खोकं पाहिलं, आणि मागची, कचरा न्यायची लिफ्ट दाखवली. सामान पोचवणाऱ्यांनी पुढच्या लिफ्टने यायचं नाही, असा आमच्या बिल्डिंगचा नियम आहे. ते मागच्या लिफ्टने वर आले.

कळल्यावर मी वॉचमनच्या नावाने शंख केला. म्हातारबुवांना समजावं म्हणून खास इंग्रजीत. "लाज वाटते मला! उद्याच तक्रार करतो. असला नियम आणला तरी कोणी?"

ताटं मांडणारी माझी मुलगी थांबली. तिनेही इंग्रजीतच विचारलं,

"पण बाबा, त्या नियमाच्या अर्जावर पहिली सही तुमचीच होती ना?"