कमळाक्कांची शटरं

कावेरीच्या मुलखात, राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. खिडकी रस्त्याकडे, त्यामुळे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नसे. कमळाक्का रंगाचे डबे घेऊन बाहेर पडल्या आणि मग तर ते आवरेनात!

अक्का मुलींच्या शाळेतल्या रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. नव्वदनंतर मोठ्या रस्त्यावर शोरूम आल्या, गल्लीतली दुकानं एकेक करून बंद पडली. "ही मळकी शटरं बघवत नाहीत," म्हणाल्या आणि रंगवायला लागल्या.

*

पहिलं शटर पितळी भांड्यांच्या दुकानाचं. त्यावर कावेरीत डुंबणारा हत्ती. मालक मद्रासहून आले आणि भडकले.

"कुणाला विचारलंत? आधी हा हत्ती काढा!"

"काढलाय की! आणखी एक काढू?"

पुढच्या खेपेला ते नातवंडांना घेऊन आले. फोटो काढायला!

*

मग एका शटरवर उगवता सूर्य काढला. नेमकी निवडणूक जवळ आलेली. निवडणुकीचे एक साहेब जीपमधून उतरले. "हे पक्षाचं चिन्ह आहे. पुसा."

अक्कांनी सूर्याला डोळे काढले, झुपकेदार मिशा काढल्या. "आता हा आमच्या गल्लीतला राव. कुठल्याच पक्षात नाही!"

*

किराणा दुकानावर गावाकडची बस काढली. खिडक्यांतून गल्लीतलेच चेहरे. गल्लीतल्या दोन भांडकुदळ जावांपैकी एकीने बजावलं, "दुसरीला माझ्या शेजारी बसवू नका हं!"

मी विचारलं, "अक्का, मी कुठाय?"

"उशिरा आलात. सीट संपल्या." आणि मला फुटबोर्डवर लटकवलं!

*

घड्याळं दुरुस्त करणारे रामजीराव. क्वार्ट्झ घड्याळं आली, दुकान बसलं. त्यानंतर ते घराबाहेरच पडेनात. कुणाशी बोलेनात. जेवणसुद्धा सोडलं, असं त्यांची बायको अक्कांपाशी रडली.

अक्कांनी त्यांच्या शटरवर त्यांनाच काढलं. डोळ्याला भिंग, समोर उघडं घड्याळ, चेहऱ्यावर हसू.

कुणीतरी सांगितलं म्हणून रामजीराव आले. दाढी वाढलेली. चित्राच्या अगदी जवळ गेले.

"भिंग डाव्या डोळ्याला लावतो मी."

"मग लावून बसा समोर. बघून दुरुस्त करते."

ते घरून स्टूल आणि भिंग घेऊन आले. शटरपुढे बसले. अक्कांनी ब्रश उचलला.

तेवढ्यात गावाकडची एक बाई थांबली. मनगटावरचं घड्याळ सोडून तिने रामजीरावांच्या हातात दिलं. "साहेब, हे सकाळपासून बंद आहे."

रामजीरावांनी ते कानाला लावलं. मग खिशातून चिमटा काढला.

अक्का ओरडल्या, "अहो, मान खाली घालू नका! डोळा राहिलाय माझा!"

"थांबा हो अक्का," रामजीराव म्हणाले, "गिऱ्हाईक आहे."