गावाने नाकारलेलं लग्न

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं राहिलं आहे. गेल्या वर्षी पत्नी गेली. तेव्हापासून पिंपरीतल्या संत तुकाराम नगरच्या घरात सकाळी टेबलाशी बसून रोज थोडं थोडं लिहितो. तिला हे प्रकरण आवडायचं, म्हणून आधी हेच लिहायला घेतलं. कुणाचं नाव देणार नाही, गावाचंही नाही.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिथली सकाळ ठरलेली असे. हजेरी व्हायची, उलटलेल्या कंटेनरची खबर यायची, भंगाराच्या ठेक्यावरून डोकी फोडून घेतलेले दोन गट बाकावर बसलेले असायचे. अशाच एका सकाळी आयुक्तालयाकडून एक तक्रार अर्ज चौकशीसाठी आला.

आमच्या हद्दीतल्या एका गावची मुलगी होती. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या कामावर होती आणि पिंपरीत महिलांच्या वसतिगृहात राहत होती. त्या कंपनीत मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरशी तिने लग्न केलं होतं. तो काम संपवून परत गेला होता. नवऱ्याकडे राहायला जाण्यासाठी तिने व्हिसाचा अर्ज केला होता. कागदांची खातरजमा करायला वकिलातीने इथला एक वकील नेमला होता. त्याचा माणूस गावात जाऊन आला. पाच-सहा जणांनी त्याला एकच सांगितलं, की मुलीचं लग्न झालेलंच नाही. त्यात मुलीची सख्खी आत्याही होती. वकिलाने तक्रारीत लिहिलं होतं की हे बनावट लग्न असून मागे एजंटांची टोळी असावी.

"पण साहेब, फोटो हायेत की," आमचे हवालदार म्हणाले. ते मावळातले, नोकरीत मुरलेले. फोटोत मांडव होता, हार होते, फेटा बांधलेला गोरा नवरदेव होता. मात्र शेजारच्या हद्दीत नुकताच एक एजंट पकडला गेला होता. मांडवापासून वऱ्हाडापर्यंत सगळं तो भाड्याने आणत असे. त्यामुळे फोटोंना किंमत उरली नव्हती. विवाह नोंदणी कार्यालयात चौकशी केली. नोंद अस्सल निघाली. पण कागद खरा आणि लग्न खोटं असंही असतं. माझा अहवाल विरुद्ध गेला असता तर तिचा अर्ज फेटाळला गेला असता आणि पुन्हा केलेल्या अर्जाकडेही संशयानेच पाहिलं गेलं असतं. वर फसवणुकीचा गुन्हा दाखल व्हायचा तो वेगळाच.

मुलीला ठाण्यात बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसली आणि मी विचारायला सुरुवात केली. बनावट जोडप्यांची एक खूण असते. त्यांना तारखा पाठ असतात, पण एकमेकांविषयी तक्रार नसते. म्हणून मी तारखा विचारल्याच नाहीत.

"नवरा कसा आहे?"

"चांगला आहे सर. जरा विचित्र आहे."

"म्हणजे?"

"सकाळी आठला येतो म्हणाला की आठलाच येतो. आमच्या घरी कुणाची अंघोळही झालेली नसते."

महिला अंमलदाराने तोंडावर रुमाल धरला.

"भांडण कशावरून होतं?"

"जेवणावरून. तो नको म्हणतो, मी वाढत राहते. तो नको म्हणतो तेव्हा त्याला खरंच नको असतं, हे मला पटायलाच फार वेळ लागला." मग ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "सर, तुम्ही गावात विचारा. सगळा गाव जेवलाय लग्नात. माझ्या आत्यालाच विचारा. आई-वडील गेल्यावर तिनेच मला वाढवलंय."

मी वकिलाच्या अहवालाची प्रत तिच्यापुढे सरकवली. तिने वाचली, पुन्हा वाचली. आत्याच्या नावावर बोट ठेवून बसली. या जागी माणसं काय करतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. कुणी आरडाओरडा करतं, कुणी भावकीतल्या वैऱ्यांची नावं घेतं. हिने कागद नीट घडी करून मला परत दिला.

"ती असं बोलली असेल तर तिला कशाची तरी भीती वाटली असणार," ती म्हणाली. "सर, तिला इथं बोलावू नका. ती पोलिसांना फार घाबरते. माझ्या व्हिसाचं काय ते मी बघेन."

ती गेल्यावर हवालदार म्हणाले, "साहेब, ही पोरगी खोटी निघाली तर मी मिशी काढंन."

"तुमची मिशी पुराव्यात धरत नाहीत, हवालदार."

तरी तिचं म्हणणं मी मानलं. आत्याला बोलावणं धाडलं नाही. आम्ही दोघं साध्या कपड्यांत, खाजगी गाडीने गावात गेलो. रस्त्याच्या एका अंगाला कंपन्यांच्या शेड होत्या, दुसऱ्या अंगाला कांद्याची शेतं. आत्या अंगणात मेथी निवडत होती.

"कुठलं पाव्हणं?"

"पिंपरीचे," मी म्हणालो. "तुमच्या मुलीची जरा चौकशी करायची होती."

यात एक शब्दही खोटा नव्हता. पण आत्याचा चेहरा उजळला. पदर सावरत ती उठली. "या की, बसा. पानी आनते."

"लग्न झालंय का तिचं?"

"न्हाई बा. आजून कुटं! लई गुणाची पोर हाय. तुमचा पोरगा काय करतो?"

मी काही बोलायच्या आत हवालदारांनी सांगून टाकलं, "कंपनीत हाय."

"पर्मनंट का ठेक्यावर?"

"पर्मनंट."

"न्यायला बस येती का?"

"दारात!"

कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. "डोळं झाकून घ्या हो. आशी सून मिळायची न्हाई." आत्या पोहे करायला आत पळाली.

आता माझ्या लक्षात आलं. गावात अनोळखी माणूस येऊन मुलीची चौकशी करतो तेव्हा गावाला त्याचा एकच अर्थ कळतो, स्थळ आलं! वकिलाचा माणूसही असाच याच अंगणात बसून गेला होता. पण झालेलं लग्न ही माणसं नाकारत का होती, ते कळेना.

मी घराकडे पाहत बसलो. निळ्या रंगाचं घर, रंग उडत आलेला. दाराच्या बाजूला मात्र पुरुषभर उंचीचा चौकोन ताज्या चुन्याने पांढरा केलेला होता. घरात लग्न असलं की या भागात दाराशेजारी गणपती काढून वधूवरांची नावं रंगवतात. ती कुणी पुसत नाही, पावसाने जातील तेव्हा जातात. मी उठून जवळ गेलो. चुन्याखाली सोंडेचा बाक दिसत होता. खाली मुलीचं नाव होतं आणि तिच्या शेजारी एक जर्मन नाव, गावच्या पेंटरने जमेल तसं मराठीत बसवलेलं.

खोटं लग्न लावणारे ते दाखवत फिरतात. इथे कुणीतरी झालेलं लग्न झाकलं होतं.

आत्या पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि मी कुठे उभा आहे ते पाहून थबकली.

"आत्या, मी पोलीस आहे. आम्ही स्थळ घेऊन आलेलो नाही."

हवालदारांनी बशीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"खावा," आत्या म्हणाली. "पोह्याचा काय गुन्हा?"

मग तिने सगळं सांगितलं. लग्न झालं तसा जावई गेला. कागद झाले की नेतो म्हणाला. वर्ष उलटलं. गावात कुजबुज सुरू झाली की पोरगी फसली. आत्याला ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा स्वतःचा नवरा अहमदाबादला कामाला गेला होता. खोली मिळाली की नेतो म्हणाला आणि परत आला नाही. ती माहेरी वाट बघत राहिली, त्यातच तिचं वय निघून गेलं.

"माझं झालं ते झालं. तिनं कशापायी बसायचं वाट बघत? आमी बायकांनी ठरवलं, कुणी स्थळ घिऊन आलं तर लग्न झालंय म्हनायचंच न्हाई. चुना म्या मारला. तिला ठावं न्हाई. ती त्याच्या फोनावर जगती."

लग्न कायम असताना दुसरं लावता येत नाही, हे मी तिला सांगितलं. मग आधी येऊन गेलेला माणूस कोण होता आणि तिच्या एका शब्दाने मुलीचे कागद कुठे अडकले, तेही सांगितलं. ती मटकन ओट्यावर बसली. "म्हंजी तो न्ह्यायला तयार हाय? आन् म्याच आडवून ठिवली?"

मी तिला होय म्हणालो.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, विचारणाऱ्याला देतो. समोरचा आपल्याला कोण समजतो आहे हे कळल्याशिवाय त्याचा जबाब खरा की खोटा हे ठरवू नये. पुढे नव्या उपनिरीक्षकांना मी हे सांगत असे. ते मान डोलवायचे. हल्ली ते मला स्वतःलाही लागू पडतं. कसे आहात, असं रोज चार जण विचारतात आणि चौघांना मी वेगवेगळं सांगतो.

पण माझ्या मनात राहिली ती आत्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन ठाण्यात आली. पोलिसांना घाबरणारी बाई शेजारपाजारच्या बायकांनाही बरोबर घेऊन आली होती. वसतिगृहातून मुलगी आली. तिने आत्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

हवालदार जबाब लिहायला बसले. त्यांच्या मनात आत्याला सांभाळून घ्यायचं होतं. "गैरसमजातून चुकीची माहिती दिली, असं लिहितो, आत्या."

"न्हाई. खोटं बोलले आसं ल्हिवा."

"आवो, वकिलानं मनावर घेतलं तर तुमच्यावर यील ते," हवालदार म्हणाले.

"येऊ द्या की. जाणूनबुजून बोलले, पोरीला ठावं नव्हतं, ह्ये बी ल्हिवा. तिच्या नावाला काय चिकटाया नको."

मुलगी म्हणाली, "आत्या, राहू दे गं."

"तू गप बस," आत्या म्हणाली. त्या दिवशी तिने मुलीशी बोललेला हा पहिला शब्द.

तिने सांगितलं तसंच लिहिलं. तिला वाचून दाखवलं. तिने अक्षर अक्षर जुळवत सही केली. तो जबाब जोडून मी अहवाल पाठवला. वकिलाने पुन्हा माणूस धाडला आणि या वेळी गावाने त्याला लग्नाच्या पंगतीत काय वाढलं होतं इथपर्यंत सांगितलं. काही महिन्यांनी मुलीला व्हिसा मिळाला आणि ती गेली.

पण ते नंतरचं. त्या सकाळी सही करून झाल्यावर आत्या माझ्या टेबलासमोर उभीच राहिली.

"सायेब, आता तिला आडवनारं कुनी न्हाई ना?"

"नाही, आत्या. आता ती जाईल."

"मंग आता रडले तर चालंल?"

मी होकारार्थी मान हलवली. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन ती बसली आणि मोठ्याने रडली. मुलगी तिच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. ठाण्यात येणारे जाणारे वाट वाकडी करून जात होते आणि हवालदारांनी त्यांना हळूच मागच्या दाराने यायला सांगितलं.