माळ पेटवायचे तेव्हा

जळक्या गवताचा वास आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. नवं गवत जोमानं यावं म्हणून गावात दर उन्हाळ्यात माळ पेटवायचे. एका वर्षी आत्यानं माळावर स्वतः लावलेल्या चारोळीच्या रोपांभोवतीचं गवत आदल्या दिवशीच उपटून टाकलं होतं. पण ऐनवेळी वारं फिरलं आणि आडव्या जाळानं रोपं करपली. पावसाळ्यात माळ पुन्हा हिरवा झाला. काका म्हणाले, "बघ, मुळापासून फुटायलंय सगळं. काय बिघडलं?" आत्या वाकून वाकून शोधत होती. "फुटायलाय तो पळस. माझी चारोळी कुठं हाय?" आता फाल्गुनात लोक गाड्या थांबवून त्या लालभडक माळाचे फोटो काढतात. मी पळसांच्या बुडाशी वाकून फिरत राहते, तेव्हा विचारतात, "ताई, काही हरवलंय का?"