इंजिन मागनं लागतंय

दौंड-शिरूर एसटीचा कंडक्टर तिकिटांची पेटी बगलेत धरून थेट माझ्या वर्गाच्या दारात आला, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. "बाई, तुमचं किसनमामा पहाटं गेलं. मामींनी निरोप दिलाय," एवढं बोलून तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. मी रडले, नंतर पुष्कळ रडले; पण सगळ्यात आधी मनात काय आलं ते लिहून टाकते, कारण मामांच्या बाबतीत आता मला काही लपवायचं नाही. मनात आलं, बरं झालं, बोलून झालं होतं... दोन महिन्यांपूर्वीच बोलून झालं होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, दौंड स्टेशनात पॉइंट्समन. रूळ बदलायचे, इंजिन सोडायचं, इंजिन लावायचं, हे त्यांचं काम. पुण्याकडून नगरला जाणारी गाडी दौंडला आली की तिचं तोंड फिरतं. पुढचं इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला लागतं, आणि गाडी आली त्याच बाजूनं बाहेर पडून नगरचा रूळ धरते. रोजच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, नवख्याची मात्र गाळण उडते. पुढचं इंजिन गेलेलं दिसलं की कुणीतरी एक जण उठतो, "आरं, हा डबा हितंच ऱ्हातोय!" म्हणतो, बोचकं उचलतो, आणि बघता बघता अर्धा डबा त्याच्यामागं फलाटावर. मॅट्रिक झाल्यावर मी आमच्या केंदूर गावाहून पुढच्या शिक्षणासाठी मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आले होते. मामांचा जेवणाचा डबा घेऊन स्टेशनात गेले की ही गंमत मला फुकटात बघायला मिळायची. मी पोट धरून हसायचे. "मामा, किती येडी हो ही माणसं!"

मामा कधी हसले नाहीत. "येडी न्हाईत, सुमे. आत बसल्याल्या मानसाला इंजिन दिसत न्हाई," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, मामा भोळे आहेत.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी नगरच्या एका शाळेतून मला मुलाखतीचं बोलावणं आलं. आमच्या बौद्धवस्तीत तोवर एकाही मुलीला नोकरीसाठी असं पत्र आलेलं नव्हतं. आईनं ते पत्र बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवलं होतं. मामांची दिवसपाळी होती, म्हणून मी एकटीच स्टेशनात गेले. मामीनं दिलेली पोळीभाजी लाल काठाच्या पिशवीत घेऊन खिडकीशी बसले. इंजिन सुटलं, आणि एक कोटवाले गृहस्थ उठून म्हणाले, "चला, उतरा. पलीकडची गाडी जाणार नगरला."

मला ठाऊक होतं. त्या डब्यात बहुतेक मला एकटीलाच ठाऊक होतं. पहिले दोघे उतरले तेव्हा मी मनात हसले. दहाबारा उतरले तेव्हा मला वाटलं, आजच काही वेगळं असेल तर? शेवटी समोरची म्हातारी "चल गं बाई, एकटी ऱ्हाशील" म्हणाली आणि मी उठले. पॉइंट्समनची भाची, उठले आणि सगळ्यांच्या मागं पुलावरून पळत सुटले. पलीकडं मालगाडीचे रिकामे डबे उभे होते. पाठीमागं शिट्टी वाजली. आमची गाडी निघाली होती.

पुढची गाडी संध्याकाळची. दिवसभर बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसले, पोळीभाजी खाल्ली, आणि दिवेलागणीला घरी जाऊन सांगितलं, "मुलाखत झाली. दुसरीला घेतलं." मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ दे. जेव." मी खाली बघून जेवले.

वर्षभरानं शिरूरला नोकरी लागली. तसं बघितलं तर काही बिघडलं नाही, पण ते खोटं मात्र घशात अडकलेल्या कुसळासारखं तिथंच राहिलं. पुढं पुण्याला बी.एड. करताना मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलं की, आपल्याला खरं काय ते ठाऊक असतानाही भोवतालचे सगळे वेगळं करू लागले की माणूस त्यांच्यासारखंच करतो. या गोष्टीला नावसुद्धा होतं, समूहानुरूपता. मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे मी एकटीच मूर्ख नव्हते तर! पुढच्या पानावर होतं की दुसरा चुकला तर आपण त्याला अडाणी म्हणतो, आणि स्वतः चुकलो की परिस्थितीकडं बोट दाखवतो. मामांनी फलाटावर एका वाक्यात सांगितलेल्या गोष्टीसाठी पुस्तकवाल्यांनी अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं.

पण नाव कळलं म्हणून कबुली देता आली असं नाही. दर खेपेला दौंडला जायचे, तोंड उघडायचे आणि चहा पिऊन परत यायचे. मामा निवृत्त झाले आणि त्यांना एक खोड लागली. नगरच्या गाडीच्या वेळेला स्टेशनात जायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत चालायचं, "बसा, बसा! उतरू नका! इंजिन मागनं लागतंय, हीच गाडी नगरला जातीय!" मामी वैतागायची. "पगार बंद झाला, पर ह्यांची डूटी काय सुटंना." आम्ही ते म्हातारपणावर ढकललं.

या हिवाळ्यात मामा आजारी पडले. मी गेले तेव्हा दारात उन्हाला बाज टाकून बसले होते. का कोण जाणे, त्या दिवशी मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"मला ठाव हाय," मामा म्हणाले. "मी तवा दुसऱ्या टोकाला इंजिन लावीत व्हतो. डब्यातनं मानसं उतरताना बघितली, त्यात तुझी लाल काठाची पिशवी."

मला क्षणभर रागच आला. "मग हाक का नाही मारली, मामा?"

"त्येच तर, सुमे..." त्यांचा आवाज पडला. "फलाटावर चांगल्या कपड्यातली मोठमोठी मानसं उभी व्हती. कुणी काय बोलंना. मला वाटलं, मी कोन वरडनार? हात कामात गुतल्यात म्हनून मनाची समजूत घातली. पर हाक मारायला हात लागत न्हाई. पोरीची नोकरी माझ्यापायी गेली. म्हनून आता रोज वरडतो."

सहा-सात वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून एकच दिवस लपवत होतो! मी म्हणाले, "मामा, हे पुस्तकात आहे. पुष्कळ माणसं उभी असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी बोलेल."

"आसं छापलंय?"

"छापलंय."

"मंग लई जनांचं आसंच व्हत आसंल," मामा म्हणाले, आणि हसायला लागले. फलाटावर कधी न हसलेले मामा खोकला येईस्तोवर हसले. मीही हसले. मामी पीठ भरल्या हातांनी बाहेर येऊन आमच्याकडं बघत राहिली. इतकं हलकं मला नोकरी लागली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मामा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी नगरला शाळेचं काम निघालं. शिरूरहून थेट एसटी असताना मी मुद्दाम दौंडला गेले, मामीला भेटले आणि नगरची गाडी धरली. इंजिन सुटलं. मी खिडकीतून फलाटाकडं बघत राहिले. आवाज आला नाही... येणार नव्हताच. कोपऱ्यातला एक फेटेवाला उठला, त्याच्यामागं त्याची बायको, मग आणखी चौघं. दाराजवळचे दोघे उतरलेसुद्धा. मी उभी राहिले. मग वर्गात ओरडते तशी ओरडले, "बसा, बसा! उतरू नका! इंजिन मागनं लागतंय, हीच गाडी नगरला जातीय!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. फेटेवाला म्हणाला, "बाई, तुमाला काय ठाव?"

"माझे मामा इथं इंजिन लावायचे," मी म्हणाले.

तो खाली बसला. उतरलेले दोघे पुन्हा वर चढले. मागून धक्का बसला, शिट्टी झाली आणि गाडी हलली. मी खिडकीतून वळून पाहिलं. फलाटावर कुणीच राहिलं नव्हतं.