हिंमतरावांची उष्णता

कात्रजच्या आमच्या सोसायटीत हिंमतराव पासलकरांना विचारल्याशिवाय कुणी आजारीसुद्धा पडायचं नसतं. सोसायटी त्यांच्याच वावरात उभी आहे. जमीन त्यांनी बिल्डरला दिली, सल्ले देण्याचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला. डॉक्टर म्हणजे लुटारू, हे त्यांचं ठाम मत.

एका हिवाळ्यात त्यांच्याच नाकाच्या दोन्ही बाजू लाल झाल्या. भुवयांतून पिवळट, तेलकट पापुद्रे गळू लागले.

"उष्णता हाय," त्यांनी निदान केलं आणि तोंडाला खोबरेल तेल थापलं. पापुद्रे आणखी माजले. मग कडुलिंबाचा लेप लावून, हिरव्या तोंडाने ते मीटिंगला आले आणि पार्किंगवर अर्धा तास बोलले. कुणाचीही हसायची हिंमत झाली नाही. शेवटी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून, चिठ्ठीबिठ्ठी न घेता, त्यांनी एक ट्यूब आणली. आठवड्यात चेहरा गुळगुळीत! पण ट्यूब थांबवली की चेहरा पेटायचा, आणि पेटला की पुन्हा ट्यूब.

मुलीच्या, प्रियदर्शनीच्या साखरपुड्यात ते इतके लालभडक दिसत होते, की वराच्या आईने हळूच विचारलं, "हे दुसऱ्याला लागत तर नाही ना?"

ते ऐकल्यावर त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, त्यांना सरळ रिक्षात कोंबलं आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली.

"यात स्टिरॉइड आहे. कुणी लिहून दिलं?"

"मीच आणलं."

"वा. आपला दवाखाना कुठे असतो?"

मग बाईंनी सांगितलं, की एक बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते. तेलकट जागी ती वाढते आणि काहींची कातडी तिच्यावर चिडते. दुसऱ्याला लागत नाही. तेल बंद करायचं, ही ट्यूब बंद करायची आणि बुरशीवरचं मलम सकाळ-संध्याकाळ पातळ लावायचं.

"पुन्हा उठेल. उठलं की पुन्हा लावायचं."

"मुळापासून जाणार न्हाई, तर डॉक्टर कशाला?"

"अहो, शुगर तरी मुळापासून गेलीय का तुमची?" यमुनाबाई म्हणाल्या.

ट्यूब थांबवल्यामुळे सुरुवातीला चेहरा जास्तच पेटला. शिव्या देत का होईना, त्यांनी मलम लावलं. लग्नापर्यंत चेहरा निवळला, आणि मांडवात गृहस्थ व्याह्यांना 'पोट साफ ठेवल्याचे' फायदे सांगत होते!

पण त्याच मांडवात त्यांना मेहुणा भेटला, साईनाथ. गालांची कातडी पातळ, लाल, आतल्या बारीक शिरा दिसताहेत.

"दाजी, तुम्ही सांगितलेलीच ट्यूब लावतोय. वर्ष होत आलं."

हिंमतरावांचा घास हातातच राहिला. सोमवारी ते स्वतः साईनाथला त्याच बाईंकडे घेऊन गेले. चुकलं, असं म्हणाले नाहीत. ते शब्द त्यांच्या तोंडात बसत नाहीत. पण बाहेरच्या बाकावर शेजारच्याने आपल्या मानेवरचा चट्टा दाखवून विचारलं, "काका, यावर काय लावावं?" तेव्हा हिंमतरावांनी डॉक्टरबाईंच्या दाराकडे बोट दाखवलं.